पाण्याला तार येत नाही

जखम माझ्या करंगळीच्या नखाएवढी होती. उजव्या कोपराच्या मागच्या अंगाला, जरा बाहेरच्या बाजूला. एवढ्याशा जखमेवर कुणी लिहीत बसेल का, असं मलाही एरवी वाटलं असतं. पण त्या भोकानं माझा उजवा हात जवळजवळ नेला होता. जाता जाता मला असं काही दाखवलं की अजूनही भर दुपारी एकटा उसाच्या कडेनं चालायची वेळ आली तर मी कुणाला तरी हाक मारतो. ज्याच्या कोपराला किंवा गुडघ्याला अशीच बारकी जखम झाली आहे आणि जो 'काही नाही हो, खरचटलंय' म्हणत घरी बसला आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. सणसरला ऊस लावणारा माणूस आहे. चुकलं कुठं ते मात्र मला नेमकं माहीत आहे, कारण चूक माझीच होती.

उजवा हात

आधी या हाताबद्दल सांगितलं पाहिजे. मी पाणाड्या आहे. बोअर किंवा विहीर घ्यायच्या आधी रानात पाणी कुठं लागेल ते सांगणारा. माझे वडील सांगायचे, त्यांच्यामागं मी. उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे करायची, कोपर बरगडीला टेकवायचं आणि अनवाणी पायांनी रानातून चालायचं. पाणी असेल तिथं नारळ हळूच उठून उभा राहतो. खरंच राहतो, शेकडो लोकांनी बघितला आहे. का राहतो ते मला विचारू नका.

माझी बायको शालन हे थोतांड मानते. "कोपर हलवता तुमी, आन तुमचं तुमाला कळत न्हाय," असं ती लग्न झाल्यापासून म्हणत आली आहे. मी रागावतो, पण मनातून मलाही अर्धीच खात्री आहे. चुकलेल्या जागा लोक विसरतात आणि लागलेल्या सांगत फिरतात. तेवढ्यावर माझं नाव चालू होतं आणि ते मला आवडत होतं.

बुडखा

सोमवारची गोष्ट. आमच्या रानात ऊसतोड चालू होती. तोडून मोकळ्या झालेल्या सऱ्यांमधून मी बांधाकडे निघालो होतो. उसाचे जमिनीत राहिलेले बुडखे पाचटाखाली, म्हणजे वाळल्या पाल्याखाली, दिसत नाहीत आणि कोयत्यानं तिरकं तोडलेल्या बुडख्याचं टोक चांगलंच धारदार असतं. पाचटावरून माझा पाय सटकला, मी मागं पडलो आणि सगळा भार उजव्या कोपरावर आला. फार दुखलं नाही. उठलो, धोतर झाडलं, कोपर बघितलं. एक भोक आणि थोडं रक्त.

गावातल्या डॉक्टरांनी जखम धुतली, दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. हात वाकवायचा नाही. उद्याच्या उद्या एक्स-रे काढायचा. आणि बँडेज ओलं झालं तर तसंच उठून यायचं, थांबायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलवायला मी पहिल्यापासून हुशार. एक्स-रे राहिला, कारण ट्रॉल्या भरायच्या होत्या आणि हाड मोडलेलं नाही हे माझं मी ठरवून टाकलं होतं.

थेंब

मंगळवारी दुपारी मी बांधावरच्या कडुनिंबाखाली एकटाच बसलो होतो. तोडणारी माणसं भाकरी खायला आपल्या कोपीवर, पाचटाच्या झोपड्यांकडे, गेली होती. समोर न तोडलेला ऊस उभा होता, वारा पडलेला होता आणि पातं हलत नव्हतं. पाण्याचा तांब्या उचलायला मी हात वाकवला आणि कोपराखाली गार लागलं.

बँडेज ओलं झालं होतं. रक्त असेल म्हणून सोडून बघितलं, तर रक्त नव्हतं. दोन टाक्यांच्या मधून एक थेंब बाहेर येऊन थांबला होता. स्वच्छ, जरासा पिवळट, आरपार दिसणारा. मी हात सरळ केला, तर थेंब आत गेला. वाकवला, तर परत बाहेर आला. आणि दर वेळी आतून बारीक आवाज यायचा, चुक्. कुणीतरी आत बसून ओठ उघडत आणि मिटत असावं, असा.

किती वेळ मी ते करत बसलो सांगता येत नाही. सरळ, वाकडा, सरळ, वाकडा. दुखत नव्हतं, हेच जास्त विचित्र होतं. मग मला मुंग्या दिसल्या. कडुनिंबाच्या बुंध्यावरून त्यांची रांग रोजच खाली उतरते आणि बांधाच्या कडेनं निघून जाते. त्या दिवशी ती वळली होती. माझ्या पाठीमागून, खांद्यावरून ती खाली येत होती आणि पहिली मुंगी कोपराच्या अलीकडे दोन बोटांवर पोचली होती. मी हात झटकला आणि उठून उभा राहिलो.

इथं मला घाबरायला पाहिजे होतं. डॉक्टरांचे शब्द आठवायला पाहिजे होते. पण खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आयुष्यभर ज्या हातानं पाणी शोधलं, त्या हातातून पाणी आलं. याला काहीतरी अर्थ असणार, असं माझ्या मनानं घेतलं. घरी जाऊन मी शालनला काही सांगितलं नाही. बँडेज बदललं आणि ओलं बँडेज चुलीत टाकलं.

तात्यांचं रान

बुधवारी सकाळी तात्या आले. तात्या म्हणजे आमच्या शेजारच्या रानाचे मालक, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. दुसऱ्या पाणाड्यांच्या सांगण्यावरून त्यांचे दोन बोअर कोरडे गेले होते आणि आता ते माझ्या मागं लागले होते.

"आरं दत्ता, हाताला काय झालं?"

"पडलो, तात्या. बुडखा लागला."

बोलता बोलता मी हात वाकवला. बँडेज पुन्हा भिजलं होतं. तात्यांनी ते बघितलं, मी सोडून दाखवलं आणि तो थेंब सकाळच्या उन्हात बाहेर आला. तात्यांनी चष्मा पुसला.

"हे पाणी कवापास्नं येतंय?"

"कालपास्नं. जखम हाय, तात्या."

"जखम तर हायच. पर जखमंतनं रगात येतंय, न्हायतर पू येतोय. पाणी कुठनं आलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला गेला होता.

"तुझ्या बाचा बी हात मी बघितलाय," तात्या हळू आवाजात म्हणाले. "त्याच्या हातावर नारळ उभा राहायचा. तुझ्या हातालाच पाणी फुटलंय. आता नारळाची गरज न्हाय. चल."

आणि मी गेलो. छप्पन वर्षांचा, पेपर वाचणारा माणूस, कोपर उघडं ठेवून, चप्पल काढून तात्यांच्या पडीक रानात चालू लागलो. तात्या चार पावलं मागं. थेंब लोंबत होता, पण पडत नव्हता. पूर्वेचा बांध झाला, मधली पट्टी झाली. हात तापला होता आणि माझे दात वाजायला लागले होते, ते मी उन्हात थंडी कशी वाजते याचं नवल करत सोसत होतो. बाभळीपासून वीसेक पावलांवर आतून चुक् असा आवाज आला आणि थेंब पडला.

वाळलेल्या मातीवर रुपयाएवढा काळा डाग. त्या क्षणी रानातले सगळे आवाज थांबले असं मला वाटलं. बगळे, लांबचा ट्रॅक्टर, काहीच ऐकू येईना. आम्ही दोघं त्या डागाकडे बघत उभे होतो आणि तो वाळत नव्हता. तात्यांनी खिशातून हळदकुंकवाची पुडी काढली, डागावर कुंकू टाकलं आणि तिथं खुंटी ठोकली. दगडाचा प्रत्येक घाव मला कोपरात लागत होता.

शालनची बोटं

संध्याकाळपर्यंत मला ताप चढला. अंगावर दोन वाकळी घेऊनही मी कुडकुडत होतो. शालननं न विचारता माझा हात मांडीवर घेतला आणि बँडेज सोडलं.

आता शालनबद्दल एक सांगायला पाहिजे. ती पणदऱ्याची. तिचे वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. कढईतला उसाचा रस आटत आला की त्याचा थेंब बोटात धरून, गूळ झाला की नाही ते सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. त्यांनी 'उतरवा' म्हटल्याशिवाय कढई उतरायची नाही. लहानपणी त्यांच्याशेजारी बसून शालन ते शिकली. आजही साखरेच्या पाकासाठी गल्लीतल्या बायका तिला बोलावतात.

तिनं कोपर वाकवलं. थेंब आला. तिनं तो बोटावर घेतला, अंगठ्यानं दाबला आणि बोट अंगठ्यापासून सावकाश लांब नेलं. दोन्हींच्या मध्ये एक बारीक, चमकती तार उभी राहिली. बोटभर लांब झाली तरी तुटली नाही. शालन त्या तारेकडे बघतच राहिली आणि मी तिच्या तोंडाकडे.

"हे पाणी न्हाय," ती म्हणाली.

"मग काय हाय?"

"मला काय म्हाईत? पर पाण्याला तार येत न्हाय. ह्याला येतीय. हे तुमच्या आतलं कायतरी हाय, आन ते बाहीर चाललंय."

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मला इतकी भीती तिच्या कुठल्याच वाक्याची वाटली नव्हती.

"कवापास्नं हाय?"

"काल दुपारपास्नं."

"आन मला आता कळतंय?"

"तात्यांनी बघितलंय की," मी बोलून गेलो, आणि बोलल्याबरोबर जीभ चावली. तिनं खुंटीची सगळी हकिगत माझ्याकडून काढून घेतली. ओरडली नाही. उठली, भावाला फोन करून सकाळी जीप घेऊन यायला सांगितलं आणि माझे कपडे पिशवीत भरायला लागली.

काळा डाग

बारामतीच्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टर वयानं तरुण होत्या, बोलायला मऊ आणि नजरेनं कडक. पडलो कसा, कशावर, कधी, हे त्यांनी तीन तीन वेळा विचारलं. "बुडखा मातीतला होता ना? ओला होता का?" एवढं खोदून पोलिसही विचारत नाहीत. मग एक्स-रे झाला.

"काका, हाड मोडलेलं नाही," त्या म्हणाल्या. मी शालनकडे विजयानं बघणार होतो, तेवढ्यात त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. पांढऱ्या हाडांच्या मधल्या करड्या जागेत एक काळी फट होती, नखाच्या चंद्रासारखी. "ही हवा आहे. सांध्याच्या आत. ती तिथं असायला नको."

"आत कशी गेली?"

"जिथून हे बाहेर येतंय तिथूनच. तुम्ही हात सरळ केला की सांधा हवा ओढून घेतो."

म्हणजे ते चुक्. कडुनिंबाखाली बसून मी कितीतरी वेळ माझ्या कोपराला श्वास घ्यायला लावत होतो, आणि बाहेरची हवा, पाचटाची धूळ, काय काय त्याला पाजत होतो. मला खोलीत एकदम गार वाटलं.

त्यांनी टाके काढले. खात्री करून घ्यायची म्हणून कोपराच्या दुसऱ्या बाजूनं, जखमेपासून लांब, सुई टोचली आणि निर्जंतुक मिठाचं पाणी आत सोडायला सुरुवात केली. आधी काहीच झालं नाही. आतून सगळं ताणल्यासारखं झालं, मी ओठ दाबून धरले. मग त्यांनी हात हलकेच वाकवला, आणि जखमेतून पाणी आलं. थेंब नव्हे, धार. बारीक, सरळ, शांत धार, माझ्या हातातून ट्रेमध्ये पडत होती. वरून पाणी सोडायचं आणि ते कुठं निघतं ते बघायचं. मी जन्मभर जमिनीला जे विचारत आलो ते ही बाई माझ्या हाताला विचारत होती, आणि तिला लगेच उत्तर मिळत होतं. शालननं माझा डावा खांदा इतका घट्ट धरला की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते.

"सांधा उघडा आहे, काका," त्या म्हणाल्या. आतलं जे तेल सांधा हलता ठेवतं ते झिरपत होतं, आणि घाण आत गेली होती. "आजच उघडून धुवावा लागेल. सोमवारीच आला असता तर बरं झालं असतं."

"हात राहील न्हवं?" शालननं विचारलं.

"हात राहील. वाकेल किती, ते आत काय सापडतं त्यावर आहे. पू झाला असेल तर सांधा आखडतो. मी खोटं सांगणार नाही. हा हात परत तोंडापर्यंत पोचला, स्वतःचा घास स्वतः घेता आला, तर आपण जिंकलो असं समजा." मग त्यांनी शालनला विचारलं, "हे साधं पाणी नाही, हे तुम्हाला कसं कळलं, काकू?"

शालननं बोट आणि अंगठा उचलून दाखवला. डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "आम्हीही तेच करून बघतो," त्या म्हणाल्या.

हा हात कुणाचा

पूर्ण भूल दिली नाही, खांद्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला. त्या वेळी माझा हात छातीवर दुमडलेला होता. मग मधे हिरवा पडदा लावला. मी जागा होतो. हात छातीवर आहे हे मला स्वच्छ जाणवत होतं, बोटांचा भार सदऱ्यावर लागत होता. आणि पडद्याच्या वरून मला दिसलं की डॉक्टर एक हात उंच धरून त्याला तांबडं औषध लावत आहेत. मनगटावर माझा देवीचा धागा होता.

"ताई, तो कुणाचा हात आहे?" मी विचारलं.

"तुमचाच, काका."

"माझा तर इथं आहे."

मी डाव्या हातानं छाती चाचपली. तिथं काही नव्हतं. तरीही तो हात मला तिथं जाणवतच राहिला, सगळं होईपर्यंत. बधिर केलेल्या माणसाला असं वाटतं, हे मला नंतर समजावलं गेलं. तुम्हाला वाटलं तर घाबरू नका. मी घाबरलो होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बाटल्यांमागून बाटल्या पाणी त्या हातातून गेलं. खाली बादलीत पडताना आवाज यायचा. मधेच डॉक्टर "हं" म्हणाल्या आणि चिमट्यात धरून काहीतरी वर काढलं. उसाच्या सालीची काडी, गव्हाच्या दाण्याएवढी. अजून हिरवी होती. तीन दिवस ती माझ्या सांध्यात होती आणि वाळली नव्हती.

खुंटीवरचं पाणी

वॉर्डातले दिवस सगळ्यांना माहीत असतात तसेच. सहाला थर्मामीटर, आठला फेरी, दर आठ तासांनी सलाईनमधून औषध, त्या औषधाची तोंडाला येणारी लोखंडी चव. वॉर्डातली मावशी चहा बशीत ओतून फुंकून द्यायची, कारण डाव्या हातात सलाईनची सुई होती आणि त्यानं कप धरता येत नव्हता. तिनं माझ्या सदऱ्याची बटणंही लावली. एवढं कुणी केलं की रडू येतं, आणि मी एकदा रडलो.

शालन माझ्याशी बोलत नव्हती. भरवायची, पुसायची, डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारायची, पण माझ्याशी बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी म्हटलं, "एकदा काय ते बोलून टाक." तेव्हा ती म्हणाली, "तात्याला दावलंत. मला न्हाय दावलं. तुमच्या हाताचं तात्याला काय पडलंय? त्यास्नी पाणी पायजे. मला हात पायजे हुता." आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

त्याच दुपारी तात्यांचा फोन आला. त्यांनी बोअरची गाडी आणली होती. मी शालनच्या मोबाइलवर 'थांबा' म्हणायच्या आधीच ते ओरडले, "दत्ता, लागलं! खुंटीवर! गोड पाणी हाय!" पलीकडून यंत्राचा आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. शालननं फोन माझ्या कानापासून काढून घेतला आणि बंद केला.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मला परत आत नेलं. सांधा दुसऱ्यांदा धुवायचा होता. या वेळी पाणी स्वच्छ निघालं, पू नव्हता, डॉक्टरांनी जखम बंद केली.

रविवारी तात्या भेटायला आले. कॉटशेजारी स्टूल ओढून बसले.

"दत्ता, काल किती वाजता धुतलं तुझं?"

"अकराला."

"आमचं बी अकरालाच थांबलं. पंप नीट हाय, मोटर नीट हाय. आत पाणीच न्हाय." त्यांनी माझ्या कोपराच्या पांढऱ्या बँडेजकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, दुःख होतं. "त्यांनी तुझं पाणी काढून घेतलं."

"तात्या," शालन म्हणाली, "त्यांनी ह्यांचा हात ठिवला."

तात्या उठले, कॉटवर दोन मोसंबी ठेवली आणि गेले. बोअर आटायला शंभर कारणं असतात, खडकातली एखादी फट भरलेली असते ती उपसली की संपते, हे मी स्वतः लोकांना सांगत आलो आहे. तसंच झालं असेल. पण त्या अकराच्या आकड्यावर माझं मन अजूनही अडखळतं, आणि तसं कबूल करायला मला लाज वाटत नाही.

दोन बोटं

जखम भरली. हात मात्र दारासारखा अर्ध्यात अडकला. सरळ होईना आणि वाकून तोंडापर्यंत जाईना. दोन बोटांचं अंतर राहायचं. रोज सकाळ-संध्याकाळ शालन स्टुलावर बसून मोजायची आणि मी व्यायाम करायचो. घास उजव्या हातात घ्यायचा, वर न्यायचा, दोन बोटांवर अडकायचा, मग मान पुढं काढून तो पकडायचा. "मान न्हाय. हात," शालन म्हणायची. दुखून डोळ्यांत पाणी यायचं. कित्येकदा मी ताट ढकलून दिलं. ती उचलून परत समोर ठेवायची.

आणि एक गोष्ट मी डॉक्टरांना कधी सांगितली नाही. जखम पूर्ण भरल्यावरही, दुपारच्या वेळी, कोपराखाली गार लागायचं. हात लावून बघितलं की कोरडं.

ज्यांच्यासाठी हे लिहितो आहे त्यांना एवढंच सांगतो. जखमेचा आकार बघू नका, जागा बघा. सांध्याजवळ असेल तर दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. रक्ताशिवाय दुसरं काही बाहेर आलं तर त्याचा अर्थ लावत बसू नका, आणि जो तुमच्यासाठी रात्री जागतो त्या माणसाला ते आधी दाखवा.

नारळ

चार महिन्यांनी तात्यांनी निरोप धाडला. एकदा येऊन खुंटीजवळ नारळ धर, मनाची शांती होऊ दे. मी नको म्हणणार होतो. शालन म्हणाली, "चला. मी बी येते."

बोअरच्या तोंडावर तात्यांनी दगड ठेवला होता. बाजूला खुंटी तशीच होती, तिच्या बुडाशी मुंग्यांनी माती काढली होती. मी चप्पल काढली, उजव्या तळहातावर नारळ ठेवला, कोपर बरगडीला टेकवायला गेलो. पहिल्यासारखं टेकलं नाही. आहे तसाच चाललो. पूर्वेचा बांध, मधली पट्टी, बाभूळ. ऊन तेच, वारा तसाच पडलेला. खुंटीवर येऊन मी थांबलो.

नारळ आडवाच राहिला. तळहातावर नुसतं ओझं, बाजारातल्या कुठल्याही नारळासारखं. जमिनीत पाणी नव्हतं, की माझ्या कोपराला आता ते करता येत नव्हतं, की त्यांनी खरंच काही काढून घेतलं होतं? मला कळलं नाही. शालन माझ्या कोपराकडे बघत होती, नारळाकडे नाही.

तात्यांनी बराच वेळ वाट बघितली. मग माझ्या हातातून नारळ घेतला आणि त्याच दगडावर फोडला. पाणी बोअरच्या कडेनं जमिनीत गेलं. खोबऱ्याचा तुकडा काढून त्यांनी माझ्यापुढं केला. मी सवयीनं डावा हात पुढं केला.

"उजवा," शालन म्हणाली.

मी उजव्या हातात तुकडा घेतला आणि वर नेला. दोन बोटांवर हात अडकला, रोज अडकतो तसाच. मान पुढं काढणार, तोच कोपरातून आवाज आला. चुक्.

आम्ही तिघंही थिजलो. आणि मग कळलं की खोबरं माझ्या ओठांना लागलं आहे. मान मी हलवली नव्हती. हात आला होता.

मी ते चावलं नाही, तसाच उभा राहिलो. शालन पुढं आली, तिनं माझ्या कोपराच्या मागं, त्या नखाएवढ्या वणावर बोट फिरवलं. ते अंगठ्याला लावलं, दाबलं आणि बोट सावकाश लांब नेलं. मधे काही नव्हतं.

"कोरडं हाय," ती म्हणाली. "खावा आता."